टाकीतलं अकरावं गाणं

पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या माणसाला लोक नावाने हाक मारत नाहीत. तीस वर्षं ते सगळ्यांचे टाकीवाले काकाच होते. अंगात ब्लिचिंग पावडरीचा वास असा मुरलेला की शेजारच्या बाई म्हणायच्या, "काका वर गेले की आमचा जिना नुकताच पुसल्यासारखा वाटतो." काकांना ही स्तुती वाटायची. काकू मात्र त्यांचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या.

काम तसं साधं. टाकी रिकामी करायची, तळाचा गाळ काढायचा, भिंती घासायच्या, धुवायच्या, पुसायच्या. पण त्यांच्या कामाचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना चालत नसे. टाकीत उतरलेल्या माणसाने गप्प बसायचं नाही. गुणगुणा, शिव्या द्या, बायकोची तक्रार करा, काहीही करा, पण तोंड चालू ठेवा. वर झाकणापाशी बसलेला मनात आकडे मोजणार. वीसपर्यंत आतून आवाज आला नाही की हाक मारणार, "आहेस का?" आतल्याने म्हणायचं, "आहे." दुसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही तर विचार करायचा नाही, सरळ कमरेचा दोर ओढायचा.

ह्याला कारण होतं. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांचा जोडीदार नुकत्याच रंगवलेल्या टाकीत उतरला आणि जरा वेळाने गप्प झाला. काकांना वाटलं, वा, आज गडी मन लावून काम करतोय. बऱ्याच वेळाने वाकून बघतात तर गडी भिंतीला टेकून, हातात ब्रश धरून बसलेला, डोळे मिटून. वाचला. पण शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं वाक्य काय म्हणावं? "मला उघड्यावरचं काम बघा." आता तो फुलझाडांची रोपवाटिका चालवतो आणि डोक्यावर छप्पर असलेल्या जागी शक्यतो थांबत नाही.

तेव्हापासून काकांना शांतता सोसेना. घरीसुद्धा तेच. न्हाणीघरात काकूंचा तांब्या जरा वेळ वाजला नाही की दाराबाहेरून हाक, "आहेस का?"

"आहे!" आतून काकू. "आंघोळ करतेय, बुडाले नाहीये!"

मुलगी अभ्यासाला बसली तरी तीच गत. पाठांतर चालू असलं तर ठीक, गणित सोडवायला लागली की दर थोड्या वेळाने हाक. गणितं काही मोठ्याने सोडवता येत नाहीत. मैत्रिणींना मार्क कमी पडले की त्या पेपरवर ढकलत, ही बाबांवर ढकलायची. तिचं घरातलं नाव भिंगरी, कारण एका जागी ठरायची नाही. आणि भिंगरी बोलायला शिकली तेव्हा तिचा पहिला शब्द आई नव्हता, बाबाही नव्हता. 'आये' असं काहीतरी होतं. काकू आजही म्हणतात की ती आईच म्हणत होती. काका म्हणतात, नाही, ती 'आहे' म्हणत होती. हा वाद अजून मिटलेला नाही.

तर ह्या भिंगरीने मोठी झाल्यावर बँड काढला. बँडचं नाव ठेवलं 'ओल'. टाकीवाल्याच्या पोरीने हे नाव ठेवणं म्हणजे डॉक्टरच्या पोरीने बँडचं नाव 'जंतू' ठेवण्यापैकी होतं.

"अगं, ओल म्हणजे तक्रार," काका म्हणाले. "ओल आली की लोक मला शिव्या देतात."

"बाबा, ओल म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे."

"तेच तर. शेवाळ."

बँडमध्ये चौघं. भिंगरी गायची. गिटार वाजवणारा लांब्या, त्याला त्यांच्या घराच्या प्रत्येक दारातून वाकून यावं लागे आणि तरी आठवड्यातून एकदा तो कपाळ आपटून घेई. घुम्या हाताला लागेल ते बडवायचा, डबे, खोकी, स्वतःच्या मांड्या, पण तोंडाने 'हं'पलीकडे जात नसे. आणि रेकॉर्डिंग करणारी चष्मिस, जिच्या पाठपिशवीत कपड्यांपेक्षा वायरी जास्त.

त्यांचा अल्बम चालू होता. अकरा गाण्यांचा. एके दिवशी जेवताना भिंगरीने काकांना तो समजावून सांगितला.

"ॲकॉस्टिक आहे, बाबा. वीज नाही. लाकूड, तार, चामडं, गळा. बस."

"मग तो माईक कशावर चालतो?"

"बॅटरीवर."

"म्हणजे वीज."

"बाबा! आणि सायकेडेलिक आहे. म्हणजे ऐकताना असं वाटलं पाहिजे की आपण बसल्या जागी विरघळतोय, भिंती मऊ झाल्यात."

काका घास तसाच हातात धरून म्हणाले, "भिंत मऊ लागली की मी सगळा गिलावा पाडून नवा करायला सांगतो."

काकू म्हणाल्या, "लोकांची पोरं घराच्या भिंती रंगवतात, आपली भिंतच विरघळवतेय. भात घे अजून."

अडचण अशी होती की ह्या मंडळींनी शपथ घेतली होती. कॉम्प्युटरवर आवाज गोड करायचा नाही, घुमवायचा नाही, लांबवायचा नाही. जे काही विचित्र ऐकू येईल ते खऱ्या जागेत, खऱ्या कानाला ऐकू आलेलं असलं पाहिजे. त्यापायी त्यांनी एक गाणं जिन्यात घेतलं होतं, एक गोधड्यांच्या कपाटात दार लावून, एक काकूंच्या पत्र्याच्या पिंपात गिटारचं तोंड घालून. पिंप परत मिळेपर्यंत काकूंनी तांदूळ पातेल्यात ठेवले होते. दहा गाणी झाली. अकरावं अडलं. त्या गाण्यात एक सूर असा हवा होता की गाणारी थांबली तरी तो थांबू नये, हवेत फिरत राहावा आणि आपोआप विरावा. अशी जागा सापडेना. एका रिकाम्या गोदामात गेले, तिथे सूर फिरण्याऐवजी कबुतरं फिरली. आणि वेळ तर संपत आलेला, कारण लांब्याला दूरच्या गावी नोकरी लागली होती आणि शुक्रवारी सकाळी तो जाणार होता. तो गेला की बँड कसला नि अल्बम कसला. घरात कोणी तसं बोलत नव्हतं, पण भिंगरी एका जागी बसायला लागली होती, त्यावरूनच काकांनी काय ते ओळखलं.

अशात सोमवारी काका जेवणाचा डबा घरी विसरले. भिंगरी तो घेऊन गेली. काका एका शाळेच्या टाकीत उतरले होते, वर शाळेचा शिपाई दोर धरून बसला होता, आणि काका नियमाप्रमाणे तोंड चालवत होते. म्हणजे गेल्या महिन्यात कुठल्या टाकीत काय सापडलं त्याची यादी म्हणत होते. "एक चप्पल, दोन चेंडू, एक दात घासायचा ब्रश…" झाकणाच्या चौकोनातून ती यादी बाहेर येत होती ती शब्द म्हणून नव्हे. चप्पल संपायच्या आत चेंडू तिच्यावर चढत होते आणि ब्रश तर सगळ्यांना घेऊन गोल फिरत होता. भिंगरी डबा हातात धरून तशीच उभी.

"बाबा," ती शेवटी ओरडली, "तू तीस वर्षं हे मला सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"हा आवाज!"

आतून, गोल गोल फिरत उत्तर आलं, "ह्याला आवाज म्हणतात? ह्याला रिकामी टाकी म्हणतात!"

गुरुवारी काकांची सगळ्यांत मोठी टाकी होती. तीन इमारतींच्या सोसायटीची, जमिनीखालची, आत माणूस हात वर करून उभा राहील एवढी. दुपारी एकपर्यंत धुऊन कोरडी होणार आणि बरोबर चार वाजता पंप सुरू होऊन पाणी भरायला लागणार. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त स्टेशनमास्तर होते. घड्याळ ते मनगटावर नव्हे, तळहातात धरायचे. काकांनी त्यांची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "गाणं म्हणा, नाच करा. चारला पाणी सुटलं पाहिजे. चार एक झालं तर पुढच्या वेळी मी दुसरा टाकीवाला बघेन."

गुरुवारी काकांनी टाकी धुतली तशी त्यांनी आयुष्यात कुठली धुतली नसेल. कोपरे फडक्याने पुसले. मोठा पंखा लावून तासभर आत हवा खेळवली. मग पोरं आली. काकांनी एकेकाच्या कमरेला दोर बांधला.

"काका, गिटार वाजवताना दोर मधे येतो हो," लांब्या म्हणाला.

"मग पोटावरची गाठ पाठीवर घे. दोर राहील."

पंखा बंद करावा लागणार होता, त्याची घरघर माईकमध्ये येत होती. पंखा बंद म्हणजे नियम आणखी कडक. काकांनी बजावून सांगितलं, "एक गाणं झालं की वर यायचं, हवा खायची, मग दुसऱ्यांदा. आणि आत तोंड चालू पाहिजे."

"बाबा, गायलाच तर चाललोय," भिंगरी म्हणाली.

ती, लांब्या आणि घुम्या शिडीने उतरले. घुम्याने वाजवायला काकांचीच बादली उलटी घेतली. चष्मिस आपलं मशीन घेऊन वर झाकणापाशी बसली, शेजारी तीन दोर हातात धरून काका.

गाणं सुरू झालं आणि काकांना पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं कशात बसत होतो. बादलीवरची एक थाप चारी भिंतींना विचारून परत येत होती. गिटारच्या तारा पाण्यात सोडल्यासारख्या हलत होत्या. आणि पोरीचा गळा! एकच भिंगरी, पण एक गात असताना दुसरी मागून येत होती, तिसरी छताला चिकटली होती. काकांनी नकळत झाकणाच्या कडेला हात लावून बघितला. भिंत टणकच होती.

मग भिंगरीने एक लांब सूर लावला आणि तिघंही एकदम थांबली. सूर आत फिरत राहिला.

काका मोजायला लागले. घुमणं म्हणजे माणूस नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक. माणूस आडवा झाला तरी भिंत घुमत राहते. चौदाला सूर विरला. पंधरा, सोळा. आत काही नाही. एकोणीस, वीस.

"आहेस का गं?"

टाकीतून ही हाक एखाद्या हत्तीने विचारल्यासारखी सात वेळा घुमली.

"बाबा!!" हेही सात वेळा.

झालं होतं असं की त्या गाण्यात एक शांतता होती. सूर विरल्यावर अजून थोडा वेळ काहीच नाही आणि मग हळूच शेवटची ओळ. बँडला वाटलं, काकांना सांगायची गरज काय, कळेलच. काकांना वाटलं, नियम सांगितलाय, पाळतीलच.

सगळे वर आले. हवा खाल्ली. ठरलं की काका तिसापर्यंत मोजतील. दुसऱ्या वेळी काका मनापासून तिसापर्यंत जायला निघाले. पण पंचविसाला हाताने डोक्याला न विचारता दोर ओढला. तो निघाला लांब्याचा. लांब्या गिटारसकट मागे घुम्याच्या बादलीवर बसला.

"काय झालं रे?" भिंगरी.

"मला वर बोलावलंय," लांब्या म्हणाला. कपाळ सांभाळायची सवय असलेल्या माणसाला दुसरीकडे लागलं की तो गोंधळतो.

सव्वातीन झाले. चष्मिसने चष्मा पुसला आणि म्हणाली, "काका, तुम्हाला आवाजच हवाय ना? हे घ्या." आणि आपला हेडफोन तिने काकांच्या कानांवर बसवला. "आता तिघांचा श्वास ऐकू येईल. श्वास म्हणजे आहे. बरोबर?"

काकांनी विचार केला. श्वास म्हणजे आहे. ह्यात खोट काढता येईना.

तिसऱ्या वेळी काका पुतळ्यासारखे बसले. सूर विरला. कानात तीन श्वास. लांब्याचा शिट्टीसारखा, घुम्याचा जाड, पोरीचा बारीक. काकांच्या चेहऱ्यावर हसू उमटणार, तेवढ्यात कपाळावर आठी आली.

"व्हॉल्व्ह!" ते ओरडले.

"काय?" चष्मिस दचकली.

"टप ऐकलंस? पाणी येतंय. कोपऱ्यातला व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाहीये."

असं म्हणून ते पान्हा घेऊन स्वतः शिडीने उतरले. पोरं हताश होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. तीस वर्षांत टाकीवाल्याला इतकं बारीक ऐकायची सोय कोणी दिली नव्हती, आणि दिली ती ह्या दिवशी. व्हॉल्व्ह आवळला, थेंब पुसला, कोपरा कोरडा केला. ह्यात पंधरा मिनिटं गेली.

पंख्याची हवा घेऊन पोरं पुन्हा तयार झाली तेव्हा स्टेशनमास्तर पंपाच्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. एक हात बटणापाशी, दुसऱ्यात घड्याळ. "तीन एकावन्न," त्यांनी जाहीर केलं.

गाणं सहा मिनिटांचं.

उतरण्याआधी भिंगरी काकांच्या समोर उकिडवी बसली. चिडलेली नव्हती, तेच वाईट होतं. "बाबा," ती म्हणाली, "एवढं एकदाच. उद्या तो जाणार. पुन्हा नाही होणार हे. प्लीज. फक्त ऐक."

"ऐकतो," काका म्हणाले आणि हेडफोन स्वतःच्या हाताने घट्ट बसवला.

चौथ्यांदा गाणं सुरू झालं. आधीच्या तीनही वेळा जे झालं ती जणू तयारी होती. घुम्याची थाप जमिनीतून येत होती, लांब्याची तार छतावरून, आणि मधे पोर. स्टेशनमास्तरांनी घड्याळ तळहातात उलटं केलं, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. शेवटचा सूर लागला. तिघं थांबली. सूर फिरला, लहान झाला, चौदाला संपला.

काका ऐकत होते. लांब्याची शिट्टी. घुम्याचा जाड श्वास.

आणि?

त्यांनी हेडफोन कानावर दाबला. शिट्टी. जाड. शिट्टी. जाड. तिसरा नाही. सोळा, सतरा. असेल, बारीकच आहे तिचा. अठरा. ऐकतो म्हणालोय. पुन्हा नाही होणार. वीस. लोकांच्या पोरी टाकीत कशाला उतरतील. एकवीस. शिट्टी, जाड. हिचं गाणं, हिचं वर्षभराचं काम, आपण तोंड उघडलं की गेलं. बावीस.

तोंड उघडलं. ओरडायचं नाही एवढं मात्र त्यांनी पाळलं. न्हाणीघराबाहेरून विचारावं तेवढ्याच आवाजात त्यांनी विचारलं,

"आहेस का गं?"

हाक खाली गेली, भिंतीभिंतीला लागून फिरली. आणि ती फिरत असतानाच खालून उत्तर आलं, त्याच सुरात, लांबवलेलं,

"आ…हे."

गाण्याची शेवटची ओळ काही वेगळीच होती. ती त्या दिवशी कोणी म्हटलीच नाही. लांब्याने एक तार छेडली, घुम्याने बादलीवर एक थाप दिली, आणि सगळं मिळून विरलं.

"तीन अठ्ठावन्न," स्टेशनमास्तर म्हणाले, पण हळू.

पोरं वर आली. दोर सुटले. चारला पंप सुरू झाला. वाटेत काका एवढंच म्हणाले, "तुझा श्वास ऐकू येत नव्हता."

"धरून ठेवला होता. शेवटच्या ओळीसाठी."

"मला काय माहीत."

"नाही ना."

शुक्रवारी लांब्या गेला. नव्या ठिकाणी पोचल्याचा त्याचा निरोप आला, त्यात कपाळ आपटल्याचा फोटो होता. भिंगरी आणि चष्मिस तीन दिवस खोली बंद करून बसल्या. खोलीतून काहीच आवाज येईना, कारण दोघींनी हेडफोन लावलेले. काका दाराबाहेर येरझाऱ्या घालत.

"आहेस का?"

"आहे," आतून कोरडं उत्तर.

"कोरडं असू दे, आहे ना?" काकू म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता ना, टाकी कोरडी झाल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. आता गप्प बसा."

काका गप्प बसले. जेवणात मीठ नव्हतं तेही बोलले नाहीत. पोरीचं एक काम आपण बुडवलं, हे त्यांनी मनाशी कबूल केलं होतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर आपण तेच करू, हेही त्यांना माहीत होतं. त्यामुळे माफी मागावी तर कशाची, हे कळत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी भिंगरी बाहेर आली. एक छोटा स्पीकर तिने टेबलावर ठेवला, चष्मिसने वायर लावली. "अकरावं," भिंगरी म्हणाली आणि चहात बिस्किट बुडवून बसली.

"मी आत जातो," काका म्हणाले.

"बस," काकू म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. स्वयंपाकघरात बादली वाजली, तारा हलल्या, पोरीचे तीन-तीन गळे कपबश्यांवरून फिरले. काकू पदर हातात धरून ऐकत होत्या. मधेच त्यांनी मागच्या भिंतीला पाठ टेकली आणि लगेच सरळ झाल्या. "मेली खरंच मऊ लागतेय," त्या पुटपुटल्या.

मग तो लांब सूर आला. थांबला. फिरला. विरला. शांतता.

काका स्पीकरकडे एकटक बघत होते. ओठ हलत होते. पंधरा, सोळा, सतरा. समोर त्यांची मुलगी बिस्किट खातेय, चष्मिस पाय हलवतेय, हे सगळं त्यांना दिसत होतं. एकोणीस. वीस.

"आहेस का गं?" काका म्हणाले.

"अहो, ती समोर बसलीये!" काकू ओरडल्या, आणि त्याच क्षणी स्पीकरमधून तीच हाक आली, पण खोल, ओली, घरभर फिरणारी. काका दचकले. असा असतो आपला आवाज? इतकी वर्षं पोरीने हे ऐकलं?

"आम्ही पाच-सहा वेळा कापून पाहिलं, काका," चष्मिस म्हणाली. "तुमची हाक काढली की गाणं नुसतं थांबतं. हाक ठेवली की संपतं."

"वेष्टनावर तुझं नाव टाकायचंय," भिंगरी म्हणाली. "हाक, बाबा."

काकांनी जरा विचार केला. "हाक दुय्यम आहे," ते म्हणाले. "टाकी कोणी धुतली ते आधी लिहा."

"बरं. टाकी धुणे आणि हाक."

"आणि व्हॉल्व्ह."

"बाबा, व्हॉल्व्ह गाण्यात नाहीये."

"नाहीये, कारण मी आवळला."

स्पीकरमध्ये अजून लांबवलेलं उत्तर फिरत होतं. त्याच्यामागे आणखी एक तार, एक थाप, आणि मग खरोखरीच काही नाही. काकांनी चहाचा कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागलेले बघून, सातच्या आतच, भरल्या तोंडाने सांगून टाकलं,

"आहे, बाबा. चहा पी."